जुनी डेव्हलपमेंट टूल्स अपग्रेड करायची की नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंपायलर (कोडचा प्रोग्रॅम बनवणारा), रनटाइम (प्रोग्रॅम चालवणारा), बिल्ड टूल (सगळी बांधणी, म्हणजे बिल्ड, करून घेणारं), पॅकेज मॅनेजर (इतरांचा तयार कोड, म्हणजे लायब्ररी किंवा पॅकेजेस, उतरवणारा) आणि आयडीई (कोड लिहिण्याचं ॲप) या सगळ्यांना इथे सोयीसाठी 'टूल' म्हटलं आहे. उदाहरणं मुख्यतः सी, सी++, जावा, पायथन आणि नोडची (जावास्क्रिप्टचा रनटाइम) आहेत.

टूल जुनं आहे, पण काम व्यवस्थित चालतंय. मग हात लावायचाच कशाला?

नुसत्या वयासाठी लावू नका. टूल बाहेरच्या जगाला कुठे कुठे जोडलेलं आहे ते आधी बघा. पॅकेजेस जिथून उतरतात ती रेपॉझिटरी, तयार प्रोग्रॅम जिथे चालतो ती ऑपरेटिंग सिस्टिम, तो जिथे प्रसिद्ध होतो ते ॲप स्टोअर आणि टूल ज्यावर बसवलंय ते मशिन, या चार जागा तुम्हाला न विचारता बदलत असतात. एखाद्या उपकरणासाठीचा सी प्रोग्रॅम पंधरा वर्षं जुन्या कंपायलरने बांधला जात असेल, सगळ्या लायब्ररी घरातच असतील आणि उपकरणाला नेटवर्कच नसेल, तर तो निर्धास्त चालू द्या. उलट तीनच वर्षांपूर्वीचा, पण शेकडो पॅकेजेस नेटवरून ओढणारा नोडचा प्रोजेक्ट आजच अडचणीत असू शकतो.

सुरुवात कुठून करायची?

कोऱ्या मशिनवर बिल्ड करून बघा. नवी व्हर्च्युअल मशिन घ्या, कोडची रेपॉझिटरी क्लोन करा (उतरवून घ्या), लिहून ठेवलेल्या सूचनांबाहेरचं काहीही न करता प्रोग्रॅम तयार होतो का ते पाहा. जुन्या प्रोजेक्टमध्ये इथेच गाडी अडते. कुणाच्या तरी मशिनवर हाताने ठेवलेली एक डीएलएल (विंडोजची लायब्ररी फाइल), पाथमध्ये (प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) घातलेलं एक फोल्डर, कॅशेत उरलेलं एखादं पॅकेज यांच्यावर सगळा डोलारा उभा असतो. हे सुटेपर्यंत अपग्रेडचा विषय काढू नका, कारण पुढे काही बिघडलं तर दोष नव्या टूलचा की जुन्या गबाळाचा, हे सांगताच येणार नाही.

बिल्ड झाला की यादी करा. प्रत्येक टूलची नेमकी आवृत्ती, तिचा सपोर्ट कधी संपतो, आणि कुठली लायब्ररी तिच्यावर अडकली आहे, असे तीन रकाने पुरतात. 'जावा ८' एवढंच लिहू नका, अपडेट क्रमांकही लिहा. एकाच मुख्य आवृत्तीच्या दोन अपडेट्समध्ये सुरक्षेच्या डीफॉल्ट सेटिंग्ज वेगळ्या असू शकतात.

'सपोर्ट संपला' म्हणजे नेमकं काय होतं?

त्या दिवशी काहीच होत नाही, आणि म्हणूनच लोक गाफील राहतात. फरक नंतर पडतो: त्या तारखेनंतर सापडलेल्या सुरक्षा त्रुटी दुरुस्त होत नाहीत आणि लायब्ररींचे लेखक त्या आवृत्तीवर टेस्ट करणं सोडतात. पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, तरी त्यावरचे प्रोग्रॅम दुसऱ्या दिवशीही चालत होते. मोठ्या लायब्ररींच्या नव्या आवृत्त्या मात्र पायथन ३ पुरत्याच निघू लागल्या.

काही वेळापत्रकं तोंडपाठ असावीत. पायथनची नवी आवृत्ती दर ऑक्टोबरमध्ये येते आणि तिला सुमारे पाच वर्षं आधार असतो. नोडच्या सम क्रमांकाच्या आवृत्त्या दीर्घ सपोर्टच्या. १८ चा सपोर्ट एप्रिल २०२५ मध्ये संपला. जावाच्या दीर्घ सपोर्टच्या आवृत्त्या ८, ११, १७, २१ आणि २५, पण मुदत पुरवठादारागणिक बदलते, तेव्हा तुमचा जेडीके (जावाचा टूलसंच) कुणाचा आहे ते बघून तारीख लिहा. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ या आयडीईला साधारण दहा वर्षं मिळतात: २०१५ ची मुदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली, २०१७ ची एप्रिल २०२७ मध्ये संपते.

आम्ही काहीच बदललं नाही, तरी बिल्ड अचानक बंद कसा पडला?

बदल समोरच्या टोकाला झालेला असतो. जावा पॅकेजेसचा साठा असलेल्या मेव्हन सेंट्रलने १५ जानेवारी २०२० पासून साधं एचटीटीपी बंद केलं. ज्यांच्या फाइलमध्ये जुना पत्ता होता त्यांना त्या दिवसापासून ५०१ एरर येऊ लागली. कोड ठेवण्याच्या गिटहब या सेवेने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या (कोडचा इतिहास जपणाऱ्या टूलच्या) कामांसाठी खात्याचा पासवर्ड स्वीकारणं थांबवलं, आणि रात्रीचे स्वयंचलित बिल्ड ठिकठिकाणी पडले.

सर्टिफिकेटचा (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या दाखल्याचा) प्रकार जास्त फसवा आहे. सर्टिफिकेटं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीतलं एक जुनं मूळ सर्टिफिकेट ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं. नव्या ओपनएसएसएलला (सुरक्षित जोडणी, म्हणजे टीएलएस, करून देणाऱ्या लायब्ररीला) दुसरी वैध साखळी सापडत होती, पण १.०.२ आवृत्ती संपलेल्या सर्टिफिकेटवरच अडून बसत होती. ब्राउझरमध्ये तोच पत्ता नीट उघडतो आणि बिल्ड सर्व्हर मात्र 'सर्टिफिकेट एक्स्पायर्ड' म्हणतो, असं दिसलं की आधी टूलसोबत आलेली टीएलएस लायब्ररी आणि मूळ सर्टिफिकेटांचा संच तपासा. जावा ७ ची कथा थोडी वेगळी. त्याला टीएलएस १.२ येतं, पण क्लायंट म्हणून ते मुळात चालू नसतं. आणि बहुतेक सर्व्हर आता त्याखालचं काही घेत नाहीत.

आमचं सॉफ्टवेअर इंटरनेटला जोडलेलंच नाही. मग सुरक्षेची काळजी का?

दोन गोष्टी वेगळ्या करा. प्रोग्रॅम जोडलेला नसेल, पण बिल्ड करणारं मशिन जोडलेलं असतं, आणि त्यावर साइनिंगची किल्ली (प्रोग्रॅम तुमचाच असल्याची सही करणारी), पासवर्ड, सोर्स कोड असं सगळं असतं. शिवाय प्रोग्रॅमला बाहेरून फाइल मिळत असेल, मग ती पेन ड्राइव्हवरून का असेना, तर ती फाइल वाचणारी लायब्ररी हल्ल्याच्या टप्प्यात येते.

डिसेंबर २०२१ मधली लॉगफोरजे या जावाच्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीची त्रुटी आठवून बघा. जावा ८ वर असलेल्यांना २.१७.१ आवृत्ती मिळाली. जावा ७ आणि ६ साठी २.१२.४ आणि २.३.२ अशा वेगळ्या दुरुस्त्या काढाव्या लागल्या. मूळ लेखकांनी तेवढे कष्ट घेतले म्हणून जुन्यावरचे लोक सुटले. दर वेळी कुणी एवढं मागे जाऊन दुरुस्ती काढेल यावर भिस्त ठेवू नये.

नवा कंपायलर लावला की जुना कोड कंपाइल का होत नाही? काल तर होत होता.

कोड तेव्हाही चुकीचाच होता, कंपायलर फक्त चालवून घेत होता. जीसीसी या सी आणि सी++ च्या कंपायलरमध्ये हे ठरावीक पायऱ्यांवर होतं, त्यामुळे एरर बघून कारण ओळखता येतं:

- जीसीसी ५ (२०१५): सी++ च्या स्ट्रिंगची अंतर्गत रचना बदलली. जुन्या कंपायलरने बांधलेली लायब्ररी नव्या कोडशी जोडताना 'अनडिफाइन्ड रेफरन्स' आणि नावात 'सीएक्सएक्स११' दिसलं, तर कारण हेच.
- जीसीसी १० (२०२०): हेडर फाइलमध्ये (अनेक फाइलींत समाविष्ट होणाऱ्या घोषणांच्या फाइलमध्ये) 'एक्स्टर्न' न लिहिता ग्लोबल व्हेरिएबल ठेवलं असेल, तर लिंक करताना (बांधलेले तुकडे जोडताना) 'मल्टिपल डेफिनिशन'. 'एफकॉमन' हा पर्याय दिला की जुनी वागणूक परत येते, पण खरा उपाय हेडरमध्ये 'एक्स्टर्न' लावून व्याख्या एकाच सी फाइलमध्ये ठेवण्याचा.
- जीसीसी १३ (२०२३): ठरावीक मापाचे पूर्णांक प्रकार 'ओळखीचे नाहीत' अशी एरर. पूर्वी दुसऱ्या हेडरमधून आपसूक येणारा 'सीएसटीडीइंट' आता स्वतः समाविष्ट करावा लागतो.
- जीसीसी १४ (२०२४): सी भाषेत घोषणा न करता वापरलेलं फंक्शन ही आधी वॉर्निंग होती, आता एरर आहे. न जुळणाऱ्या पॉइंटरचंही तसंच.

एररचा आकडा बघून घाबरू नका. पडद्यावर चार हजार ओळी आल्या तरी एकच हेडर हजार ठिकाणी समाविष्ट झालेला असू शकतो. एरर प्रकारानुसार गटात टाका, प्रत्येक गटातली पहिली सोडवा, पुन्हा बिल्ड करा.

यापेक्षा धोकादायक कोड म्हणजे जो मुकाट कंपाइल होतो आणि चालताना वेगळं वागतो. प्रारंभिक किंमत न दिलेलं व्हेरिएबल, चिन्हयुक्त पूर्णांकाचं ओव्हरफ्लो यांवर नवा ऑप्टिमायझर (कोड वेगवान करणारा कंपायलरचा भाग) जास्त धीटपणे गृहीतकं बांधतो. म्हणून नव्या कंपायलरवर पहिल्यांदा टेस्ट चालवताना ॲड्रेस सॅनिटायझर आणि अनडिफाइन्ड बिहेविअर सॅनिटायझर (चालताना मेमरीच्या आणि अनिश्चित वागणुकीच्या चुका पकडणारे कंपायलरचे पर्याय) दोन्ही चालू ठेवा. प्रोग्रॅम हळू होईल, होऊ द्या.

जावा ८ वरून थेट २१ वर जावं, की एकेक पायरीने?

शेवटी उतरायचं २१ किंवा २५ वरच, पण वाटेत ११ आणि १७ वर थांबून टेस्ट चालवा. तिन्ही टप्प्यांवर मोडणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत आणि एकदम आल्या तर गुंता होतो.

११ वर जाताना जेएएक्सबी (एक्सएमएल वाचणारा-लिहिणारा भाग) यासारखे भाग जेडीकेतून गेलेले असतात, ते डिपेंडन्सी (बाहेरची लायब्ररी) म्हणून स्वतंत्र जोडावे लागतात. १७ वर जेडीकेच्या आतल्या क्लासना रिफ्लेक्शनने (प्रोग्रॅम चालू असताना आत डोकावून) हात घालणाऱ्या लायब्ररी 'इनॲक्सेसिबल ऑब्जेक्ट' म्हणत पडतात. 'ॲड-ओपन्स' पर्यायाने वेळ मारून नेता येते, पण ती लायब्ररी बदलायच्या यादीत टाका. २१ वर लोंबोक (जावाचा ठरीव कोड आपोआप लिहिणारी लायब्ररी) वापरत असाल तर किमान १.१८.३० लागतं.

आता न दिसणाऱ्या गोष्टी. जावा १८ पासून मजकुराचं डीफॉल्ट एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) यूटीएफ-८ झालं. विंडोजवर आधीच्या एन्कोडिंगमध्ये जपलेल्या फाइल, एन्कोडिंग न सांगता वाचल्या, तर इंग्रजी ठीक येतं आणि बाकीची अक्षरं बिघडतात. जावा २० मध्ये त्याहून बारीक बदल आहे. इंग्रजी पद्धतीने वेळ छापताना आकडे आणि 'पीएम' यांच्यामधली साधी मोकळी जागा जाऊन तिथे एक अरुंद, न तुटणारी मोकळी जागा आली. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. पण साधी जागा असलेली जुनी वेळ वाचायला गेलं की पार्सर नकार देतो, आणि टेस्टच्या निकालात 'अपेक्षित' आणि 'प्रत्यक्ष' या दोन ओळी तंतोतंत सारख्या दिसून टेस्ट मात्र नापास होते. अशा वेळी दोन्ही स्ट्रिंग हेक्समध्ये (अक्षरांच्या कोड क्रमांकांत) छापून बघा. उपाय म्हणजे तारीख-वेळेचा साचा स्वतः ठरवून देणं, लोकेलच्या (देश-भाषेच्या सेटिंगच्या) भरवशावर न सोडणं.

फ्रेमवर्कही (प्रोग्रॅमचा तयार सांगाडा) लक्षात घ्या. स्प्रिंग बूट ३ या जावा फ्रेमवर्कला किमान जावा १७ हवं आणि त्यात 'जावाएक्स' नावाची पॅकेजेस 'जकार्ता' झाली. जावाची आवृत्ती आणि फ्रेमवर्क एकाच दमात बदलू नका. आधी जुन्या फ्रेमवर्कच्या शेवटच्या आवृत्तीसह जावा १७ गाठा, ते स्थिरावलं की फ्रेमवर्ककडे वळा.

पायथन २ चा कोड अजून पडलाय. वाट पाहण्याने काही बिघडतं का?

बिघडतं, कारण वाटेतल्या पायऱ्या काढून टाकल्या जातायत. कोड रूपांतरित करणारं 'टू-टू-थ्री' ३.१३ मध्ये नाही, जुनी बांधणी करणारं 'डिस्टयुटिल्स' ३.१२ मध्येच गेलं. रूपांतरासाठी जुनी पायथन ३ आवृत्ती वेगळी बसवावी लागेल. यंत्राने सिंटॅक्स (लिहिण्याची पद्धत) बदलतो, अर्थ नाही. ३ भागिले २ हे पायथन २ मध्ये १ येतं, ३ मध्ये १.५. पैशांचे, पानांचे, अनुक्रमांकांचे भागाकार हाताने तपासा. बाइट्स आणि मजकूर यांची सरमिसळ जिथे फाइल किंवा नेटवर्कशी बोलणं होतं तिथे सापडेल.

नव्या टूलने बांधलेला प्रोग्रॅम ग्राहकाच्या जुन्या मशिनवर चालेल?

लिनक्सवर नव्या डिस्ट्रिब्युशनवर (लिनक्सच्या अवतारावर) बांधलेला प्रोग्रॅम जुन्यावर बहुधा 'ग्लिबसीची अमुक आवृत्ती सापडली नाही' म्हणून सुरूच होत नाही (ग्लिबसी ही लिनक्सची मूळ सी लायब्ररी). उलट दिशेने सहसा चालतो. म्हणून ग्राहकांकडच्या सर्वांत जुन्या सिस्टिमवर, किंवा तिच्या कंटेनरमध्ये (तिच्या सगळ्या फाइली असलेल्या वेगळ्या पेटीत), बिल्ड करायची पद्धत आहे. त्याच जुन्या सिस्टिमवर नवा कंपायलर बसवला की दोन्ही साधतं.

जावात '--रिलीज ८' असा पर्याय देऊन नव्या जेडीकेवरून जुन्यासाठी बांधता येतं. फक्त 'सोर्स' आणि 'टार्गेट' दिलंत तर नव्या जेडीकेतल्या मेथड नकळत वापरल्या जातात आणि ग्राहकाकडे जाऊन पडतात.

विंडोजवर व्हिज्युअल सी++ २०१५ ते २०२२ एकमेकांशी बायनरी पातळीवर जुळतात, अट एवढीच की लिंकर (तुकडे जोडणारा) आणि रीडिस्ट्रिब्युटेबल (ग्राहकाकडे बसवायच्या रनटाइम लायब्ररी) सगळ्यांत नव्या टूलसेटइतके (कंपायलरच्या संचाइतके) तरी नवे हवेत. ही अट पाळली नाही तर काय होतं? २०२२ च्या १७.१० आवृत्तीत म्युटेक्सचा (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपाचा) कन्स्ट्रक्टर बदलला, आणि त्याने बांधलेला प्रोग्रॅम जुनी 'एमएसव्हीसीपी१४०' डीएलएल असलेल्या मशिनवर पहिल्याच लॉकला कोसळू लागला. इन्स्टॉलरमध्ये रीडिस्ट्रिब्युटेबलही सोबत द्या.

आयडीई नवा आणि कंपायलर जुनाच, असं चालतं का?

चालतं, आणि पुष्कळदा तीच पहिली शहाणी पायरी असते. व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ मध्ये २०१५, २०१७ आणि २०१९ चे टूलसेट जोडीला बसवता येतात. प्रोजेक्ट उघडताना तो 'रीटार्गेट करू का' (नव्या टूलसेटवर नेऊ का) असं विचारतो, तेव्हा नाही म्हणा. २०२२ पासून आयडीई ६४ बिटांचा आहे, त्यामुळे ३२ बिटांची जुनी प्लगइन्स आणि डिझायनरमध्ये दिसणारे जुने कंट्रोल अडू शकतात.

व्हीएस कोड या एडिटरच्या बाबतीत उलटी अडचण आहे. १.९९ पासून रिमोट मशिनवर ग्लिबसी २.२८ लागतं आणि सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सवर आहे २.१७. एडिटर आपोआप अपडेट झाला की जुन्या सर्व्हरशी जोडणीच तुटते.

विकत घेतलेली एक लायब्ररी आहे, सोर्स कोड नाही, विक्रेता गायब आहे. काय करावं?

बाकी सगळं सोडा आणि आधी याच लायब्ररीची चाचणी घ्या, कारण निर्णय इथेच होणार आहे. सी++ इंटरफेसची असेल तर नव्या कंपायलरशी जुळण्याची शक्यता कमी, साध्या सी इंटरफेसची असेल तर बरीच. जुळली नाही तर तिला जुन्या टूलने बांधलेल्या वेगळ्या प्रोसेसमध्ये कोंडा आणि मुख्य प्रोग्रॅमने तिच्याशी पाइप किंवा सॉकेटवरून बोलावं. ३२ बिटांची डीएलएल ६४ बिटांच्या प्रोसेसमध्ये लोडच होत नाही, तिथे तर दुसरा मार्ग नाही.

जुनी टूल्स कंटेनरमध्ये गोठवून ठेवली तर अपग्रेड टळेल?

काही वर्षं टळेल. मात्र कंटेनरमध्ये कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) नसतो, तो यजमान मशिनचाच असतो. सेंटओएस ६ चा कंटेनर नव्या कर्नलवर कधी कधी सुरू होताच १३९ कोड देऊन मरतो. जुन्या ग्लिबसीला लागणारी 'व्हीसिसकॉल' सोय नव्या कर्नलमध्ये बंद ठेवलेली असते. कर्नलच्या बूट पर्यायात 'व्हीसिसकॉल=इम्युलेट' दिलं की चालतो.

गोठवायचंच तर पूर्ण गोठवा: तयार इमेज (कंटेनरची पूर्ण प्रत) टार फाइल म्हणून जपा, सगळी पॅकेजेस स्वतःच्या मिररमध्ये (स्वतःकडच्या साठ्यात) उतरवून ठेवा, टूलची इन्स्टॉलर फाइल आणि परवान्याची किल्लीही ठेवा. नुसती डॉकरफाइल (इमेज बनवण्याची कृती) जपून उपयोग नाही, ती ज्या पत्त्यांवरून पॅकेजेस ओढते तेच उद्या हलतील. सेंटओएस ६ आणि ७ चे साठे असेच मुदत संपल्यावर 'व्हॉल्ट'मध्ये गेले. परवाना सर्व्हरला विचारून सुरू होणारं टूल असेल तर गोठवणं बेभरवशाचंच समजा.

वेळेचा अंदाज कसा बांधायचा?

अंदाज बांधू नका, मोजा. वेगळ्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या शाखेवर) एका माणसाला दोन दिवस द्या. काम पूर्ण करण्याची अपेक्षा ठेवू नका. अडथळ्यांची यादी हवी. दोन दिवसांनी प्रत्येक अडथळा तीनपैकी एका गटात पडतो: सेटिंग बदलून सुटणारा, कोड बदलून सुटणारा, आणि दुसऱ्या कुणावर अवलंबून असलेला. पहिल्या दोन गटांचा वेळ सांगता येतो. तिसऱ्यात एकही नोंद असेल तर तारीख देऊ नका.

टेस्टच नाहीत. तरी अपग्रेड करता येईल?

येईल, फक्त जुन्या टूलचा निकालच प्रमाण मानावा लागेल. खऱ्या वापरातले शंभरेक इनपुट घ्या, जुन्या बिल्डचे आउटपुट जपा, नव्या बिल्डला तेच इनपुट देऊन फरक काढा. तारीख, वेळ, यादृच्छिक क्रमांक आधी गाळून टाका. दशांश आकड्यांत शेवटच्या एक-दोन स्थानांचा फरक येऊ शकतो. किती चालेल ते फरक दिसण्याआधी ठरवा, नंतर ठरवलं की माणूस सोयीचं ठरवतो.

कामाचा क्रम कसा ठेवावा?

आधी जुन्याच टूलवर वॉर्निंग संपवा. मग जुन्या टूलवर चालणाऱ्या सर्वांत नव्या आवृत्तीपर्यंत लायब्ररी आणा. मग बिल्ड टूल, कारण ग्रेडलसारखं टूल नव्या जेडीकेवर चालायला स्वतः पुरेसं नवं लागतं: जावा १७ साठी ७.३, २१ साठी ८.५. त्यानंतर कंपायलर किंवा रनटाइम. भाषेची नवी वैशिष्ट्यं सगळ्यात शेवटी, आणि तीही जुना बिल्ड बंद केल्यावरच. प्रत्येक पायरी वेगळ्या कमिटमध्ये (गिटमधल्या नोंदीत) ठेवा. फॉरमॅटरने सगळा कोड पुन्हा मांडला असेल तर तो कमिट स्वतंत्रच हवा, नाहीतर गिट बायसेक्टने (अर्धे अर्धे कमिट तपासत जाण्याच्या सोयीने) दोषी बदल सापडला तरी त्यात दहा हजार ओळी निघतात.

तात्पुरता उपाय करून ठेवला तर चालेल?

नोड १७ मध्ये ओपनएसएसएल ३ आलं आणि वेबपॅक ४ (वेबच्या फाइली एकत्र बांधणारं टूल) कोसळू लागलं, कारण ते फाइलींच्या हॅशसाठी (ओळखखुणेसाठी) एमडी४ ही पद्धत वापरत होतं आणि ते आता जुन्या, मुळात बंद असलेल्या भागात गेलं होतं. 'ओपनएसएसएल-लेगसी-प्रोव्हायडर' हा पर्याय लावला की बिल्ड पुन्हा चालतो. प्रश्न असा की तो पर्याय नोडच्या सगळ्या प्रोसेसला लागू होतो, फक्त वेबपॅकला नाही. लावायचाच तर बिल्डच्या आदेशापुरता लावा, सर्व्हरच्या एन्व्हायर्नमेंट सेटिंगमध्ये नको, आणि शेजारी काढायची तारीख लिहा. खरा उपाय वेबपॅक ५ वर जाणं.

अपग्रेड करायचंच नाही, असं केव्हा ठरवावं?

उत्पादन वर्षभरात बंद होणार असेल तेव्हा. ज्या कंपायलरवर सुरक्षेचं प्रमाणपत्र घेतलंय तो बदलला की प्रमाणन पुन्हा करावं लागणार असेल तेव्हा. मोठ्या रिलीजला काही आठवडेच उरले असतील तेव्हा. व्हिज्युअल बेसिक ६ चं उदाहरण बोलकं आहे: आयडीईचा सपोर्ट एप्रिल २००८ मध्ये संपला, पण त्याचा रनटाइम अजूनही विंडोजसोबत चालतो. त्यात बांधलेला, नवी भर न पडणारा अंतर्गत प्रोग्रॅम केवळ लाज वाटते म्हणून पुन्हा लिहिणं हा सहसा पैशाचा अपव्यय असतो.

मोबाइल ॲपना मात्र ही मुभा नाही. ॲपलच्या ॲप स्टोअरने २४ एप्रिल २०२५ पासून एक्सकोड १६ (ॲपलचा आयडीई) आणि गुगल प्लेने ३१ ऑगस्ट २०२५ पासून अँड्रॉइड १५ हे लक्ष्य सक्तीचं केलं, आणि अशी अट बहुतेक दर वर्षी नव्याने येते. नव्या एक्सकोडला नवी मॅकओएस आणि तिला पुरेसं नवं मशिन लागतं, तेव्हा तो खर्चही आधीच धरा.

जुनं टूल कधी काढून टाकावं?

दोन्ही बिल्ड रोज शेजारी शेजारी चालवा आणि नव्या बिल्डचं एक पूर्ण रिलीज ग्राहकाकडे जाऊन तातडीच्या दुरुस्त्यांचा काळ उलटू द्या. मग रोजच्या बिल्डमधून जुनं काढा. ज्या जुन्या आवृत्त्यांना अजून दुरुस्त्या द्यायच्या आहेत त्यांच्यासाठी गोठवलेली इमेज राहू द्या, आणि दर तिमाहीत तिच्यात एकदा बिल्ड करून बघा.